साडेचौसष्ट तास

"आणि मैत्रिणींचं काय?"

हा प्रश्न मला दातांच्या डॉक्टरने विचारलाय, पोस्टातल्या बाईने विचारलाय, चर्चच्या दाराशी उभं राहून सगळ्यांचे हात दाबणाऱ्या म्हाताऱ्या मिस्टर हबर्डनीही विचारलाय. मुलगी घरीच शिकते म्हटलं की लोकांना तिच्या गणिताची काळजी वाटत नाही, शुद्धलेखनाची तर नाहीच नाही. डोकं एका बाजूला कलतं आणि तोच प्रश्न येतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. शाळेत जाणारी सगळी पोरं काय एकमेकींच्या गळ्यात गळे घालून फिरतात? मी बारा वर्षं शाळेत गेले. त्यातली नऊ वर्षं मी डबा एकटीने खाल्लाय.

मी डॅरला. नवरा ड्वेन, पशुखाद्याच्या गिरणीत कामाला. पदरात अकरा वर्षांची एकच मुलगी, मर्सी, आणि बारा शेळ्या. शिवाय सासूबाई. वॉन्डा त्यांचं नाव, चौतीस वर्षं सरकारी शाळेत तिसरीला शिकवलेलं. दर रविवारी चर्च सुटलं की जेवायला येतात आणि वाढून घेता घेता तो प्रश्न माझ्या टेबलावर ठेवतात.

"वॉन्डा," मी एकदा वैतागून म्हटलं, "एकाच वयाची तीस माणसं दिवसभर एका खोलीत कोंडलेली, असं जगात दुसरीकडे कुठे असतं सांगा बरं? तुरुंगात!"

"तुरुंगात वय बघत नाहीत, डॅरला," सासूबाई म्हणाल्या. "बटाटे सरकव जरा इकडे."

ड्वेन खाली मान घालून हसला. त्याला काय जातंय हसायला.

पण खरं सांगू? चिडायचे, कारण पोटात भीती होती. मर्सी सत्तरीच्या माणसांशी तासभर त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलू शकायची. आमचा शुक्रवारचा गट भरतो चर्चच्या तळघरात, घरी शिकवणारी चौदा कुटुंबं. तिथे नऊ वर्षांचे धटिंगण मुलगे आणि पंधरा वर्षांच्या दोन मुली, मधलं कोणीच नाही. एकदा वाचनालयात मुलांचा कार्यक्रम होता. एका मुलीने हिला विचारलं, "कितवीत आहेस गं?" मर्सीने मनापासून उत्तर दिलं, "वाचनात नववी, गणितात चौथी, आणि शेळ्यांच्या स्पर्धेत मोठ्यांच्या गटात." पोरी खिदळल्या. परत येताना गाडीत तिने मला विचारलं, "मम्मा, मी खरंच कितवीत आहे?"

"तू मर्सीत आहेस," मी म्हटलं. मला वाटलं, काय फर्मास उत्तर दिलं. ती हसली नाही.

रेलिन आली ऑक्टोबरात. आमची एक शेळी, नाव सेनेटर (दिसेल ते खाते आणि कशाचीच लाज बाळगत नाही म्हणून ड्वेनने ठेवलेलं), कुंपण मोडून रस्त्यात शाळेच्या बससमोर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला. तेवढ्यात दार उघडून एक लाल जाकिटातली मुलगी उतरली, सेनेटरच्या गळपट्ट्याला धरलं आणि फरफटत आमच्या फाटकाशी आणून उभी केली.

"तुमचीच का ही?" तिने विचारलं. "कसली गं आगाऊ आहे!"

"आगाऊ नाही, भुकेली आहे," मर्सी म्हणाली. "तूही आहेस का?"

हे असं तिचं बोलणं. पण रेलिन म्हणाली, "आहे की!" आणि सरळ आत आली.

ती अर्ध्या मैलावर ट्रेलरच्या घरात राहायची, आईबरोबर. आई टॉन्या वृद्धाश्रमात कामाला. मंगळवारी आणि गुरुवारी तिला यायला साडेपाच व्हायचे. त्या दोन दिवशी रेलिन आमच्या फाटकाशी बसमधून उतरू लागली, पावणेचार ते सव्वापाच. टॉन्याची आणि माझी फोनवर ओळख झाली, तेवढीच. पोरी गोठ्यात, पोरी माळ्यावर, पोरी भांडतायत, पोरी खातायत. मर्सी मंगळवारी सकाळपासून खिडकीशी घिरट्या घालायची. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आता इथवर ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं.

इकडे मिसूरीत कायदा असा, की घरी शिकवायचं तर वर्षाला हजार तास भरले पाहिजेत. सहाशे गणित-भाषा-विज्ञान वगैरे, बाकीचे इतर कशाचेही. त्याची वही ठेवायची. बघायला सहसा कोणी येत नाही, पण आलंच तर दाखवता आली पाहिजे. मर्सी दहा वर्षांची झाल्यापासून ती वही तिनेच लिहायची असा आमचा नियम. तारीख, विषय, काय केलं, किती वेळ. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो माझा, हिरव्या शाईने.

"मम्मा, रेलिनबरोबरचा वेळ लिहू का?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"लिही की. सामाजिक विकास म्हणून लिही."

कशाला सांगितलं मी? वॉन्डासाठी, दुसरं काय. एका रविवारी तो प्रश्न आला की वही काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवायची, असं मी मनात पक्कं केलं होतं. मैत्रिणींचं काय म्हणे! हे घ्या, तारखेसकट. मग शेरेही तसेच पडत गेले. "बोलताना पाळी पाळली." "भांडण नऊ मिनिटांत मिटवलं." "रे. हुकूम सोडते, मर्सीला ठाम राहण्याचा सराव." आणि जानेवारीत कधीतरी, शहाणपणा उतू चालला होता माझा: "रे. च्या घरी वडील नाहीत, आई शिफ्टच्या कामावर. वेगळ्या परिस्थितीतल्या मुलांशी जुळवून घेण्याचा उत्तम अनुभव."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारीच, पोरी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. रेलिन बिस्किटांना पीनट बटर फासत होती. मर्सीने वर्षाची आतापर्यंतची बेरीज पुरी केलेली. मी सिंकशी, हात कोपरापर्यंत साबणात.

"रेलिन, बघ ना!" मर्सीने वही तिच्यापुढे सरकवली. आनंदाने पोरीचा चेहरा लालबुंद झाला होता. "तू इतिहासापेक्षा जास्त आहेस! साडेचौसष्ट तास! फक्त विज्ञान, वाचन आणि गणितच तुझ्यापुढे आहेत!"

रेलिन आधी हसली. "म्हणजे? मी विषय आहे?"

"हो!" मर्सी म्हणाली.

मला पाठमोरीलाच कळलं. मी वळले, पण रेलिनने पान उलटलं होतं. ती सावकाश वाचते, शब्दाखाली बोट धरून. तिचं बोट शेवटच्या रकान्यात गेलं. मी हात पुसायला फडकं शोधत राहिले. कशाला, ते देव जाणे. सरळ जाऊन वही ओढून घ्यायची सोडून मी फडकं शोधत होते.

"रे च्या घरी वडील नाहीत," ती मोठ्याने वाचू लागली. शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मिस डॅरला, मला हुकूम सोडायला तुम्हीच बोलवत होता का? सरावाला?"

"नाही गं बाळा, तसं नाही, ते नुसतं..."

"आणि वेगळी परिस्थिती म्हणजे मी?"

रेलिनने हातातलं बिस्किट ताटलीत परत ठेवलं आणि दप्तर उचललं. "बरं. माझी परिस्थिती घरी चालली," ती म्हणाली. दारातून बाहेर पडेपर्यंत तिने रडू दाबून धरलं, पायऱ्यांवर ते फुटलं.

मर्सी खुर्चीतच बसून होती. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"मम्मा, मी तिला इतकं जास्त लिहिलं. मग ती रडली का?"

"काही माणसांना वहीत लिहिलेलं आवडत नाही, मर्सी."

"पण महत्त्वाचं असतं तेच आपण लिहितो. तूच तर सांगतेस." शेऱ्यांच्या रकान्याकडे बघत ती म्हणाली, "हे महत्त्वाचं होतं?"

"नाही."

"मग का लिहिलंस?"

आता खोटं बोलून काय उपयोग होता? "तुझ्या आजीला दाखवायला. तुला मैत्रीण आहे, तू सगळ्यांसारखी आहेस, ते दाखवायला."

तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुलाही वाटत होतं."

"काय?"

"माझ्यात काहीतरी कमी आहे, असं."

मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती शेळ्यांना चारा घालायला निघून गेली.

गुरुवारी बस आली, फाटकासमोर थांबलीही नाही. रेलिन पलीकडच्या खिडकीशी, तोंड दुसरीकडे. मर्सी फाटकाला धरून बस दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. मला ते बघवेना. मी पीचचा कॉबलर, फळांवर पिठाचा थर देऊन करतात तो गोड पदार्थ, भाजला, ताटासकट ट्रकमध्ये ठेवला आणि शनिवारी टॉन्याच्या दारात जाऊन उभी राहिले. फोनवरच्या आवाजापेक्षा बाई ठेंगणी निघाली, कामाच्या निळ्या कपड्यांतच होती. तिने मला आत बोलावलं नाही.

"धडा पुरा झाला का तुमचा?" तिने विचारलं. "का अजून काही शिकायचं राहिलंय आमच्याकडून?"

"टॉन्या, मी चुकले. मी ते लिहायला नको होतं."

"लिहायला नको होतं का वाटायला नको होतं?"

ती बोलत राहिली, आवाज न चढवता. "मी आठवड्याचे सहा दिवस परक्यांच्या म्हाताऱ्या आयांना आंघोळ घालते. मला वाटायचं, चला, दोन दिवस पोर चांगल्या घरात असते. मी तुझं नाव प्रार्थनेत घ्यायचे, माहितीये? आणि तू माझ्या पोरीवर टिपणं काढत होतीस."

"मर्सीचा यात काही दोष नाही."

"पोरीला मी काहीच म्हणत नाही. पण रेलिन यायची नाही म्हणते, आणि मी तिला ढकलणार नाही." तिने ताटाकडे बघितलं. "हे घेऊन जा. आमच्या परिस्थितीत गोड चालत नाही."

कॉबलर मी परत आणला. दुसऱ्या दिवशी तो सासूबाईंना वाढला आणि सगळं सांगून टाकलं. वहीसुद्धा पुढे ठेवली. म्हटलं आता बाईसाहेबांना काय बोलायचं ते बोलू दे. त्यांनी चष्मा लावून शेरे वाचले.

"मी चौतीस वर्षं असेच शेरे लिहिले," त्या म्हणाल्या. "याहून वाईट लिहिलेत. पण कपाटाला कुलूप असायचं, डॅरला." आणि पहिल्यांदाच त्या रविवारी त्यांनी मैत्रिणींचं विचारलं नाही.

पुढे पाच आठवडे मर्सी अभ्यासाला जुंपली. सकाळी सहाला उठून टेबलाशी. जेवणानंतर पुन्हा. अपूर्णांक बघितले की जिच्या पोटात दुखायचं ती मुलगी पानामागून पान अपूर्णांक करत होती. छेद सारखे कर, वर-खाली भाग दे, खोड, पुन्हा कर. मधूनच नाक ओढायची आवाज न करता. मी वेडी, मला वाटलं दुःख विसरायला करतेय. वाटलं, एवढं वाईटातून काहीतरी चांगलं निघालं. शेऱ्याचा रकाना आता मी कोराच सोडत होते, तरी "उत्तम प्रगती" लिहायला माझा हात शिवशिवत होता.

मेमध्ये एका सकाळी रोजची सही करायला वही उघडली तर मागची पानं चाळली गेली. ऑक्टोबरपासूनचे सगळे मंगळवार, सगळे गुरुवार पट्टी ठेवून खोडलेले. एकूण एक. बेरजाही बदललेल्या.

"मर्सी, हे काय? हे तास गेले तर हजार कसे भरतील?"

"भरत आलेत," तिने मान वर न करता सांगितलं. "तिला विषय व्हायचं नव्हतं. म्हणून काढली."

मला वाटलं, संपलं. पोरीने मैत्रीण मनातून खोडून टाकली. मी शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन पोटभर रडून आले, कारण हे माझंच कर्तृत्व होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, दुपारी पावणेचारच्या सुमाराला, मर्सीने वही माझ्यापुढे धरली. "हजार झाले. सही कर."

मी केली. तिने केस विंचरले, वही बगलेत मारली आणि बूट घालायला लागली.

"कुठे चाललीस?"

"रेलिनकडे. बस पोहोचली असेल तिच्याकडे, मी पोहोचेपर्यंत."

"थांब, मी ट्रक काढते."

"नको, मम्मा. तू आलीस तर ते तासांत धरलं जाईल."

मी फाटकाशी उभी राहिले. रस्त्याच्या कडेने ती चालत गेली, हात ताठ, शेळ्यांच्या स्पर्धेत चालते तशी. वळणापाशी दिसेनाशी झाली. मी आत येऊन त्याच त्या तीन कपबशा पुन्हा पुन्हा धूत बसले. पाच आठवड्यांत रेलिनने हिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. दार तोंडावर आपटलं तर? आपटलं तर ही पोर पुन्हा कोणाच्या दाराशी जाईल का जन्मात?

फोन वाजला. टॉन्या. त्या मंगळवारी ती लवकर घरी आलेली. तिने हॅलो म्हटलं नाही.

"तुझी पोर आमच्या दारात उभी आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "ऐक." आणि फोन बहुधा खिडकीशी धरला, कारण मला जाळीचं दार किरकिरलेलं ऐकू आलं.

"...खोडले," मर्सी सांगत होती. "तुझे साडेचौसष्ट तास. ही बघ वही. त्याऐवजी बत्तीस तास अपूर्णांक केले, वीस तास इतिहास, साडेबारा तास शुद्धलेखन. आज दुपारी हजार पूर्ण झाले. मम्माची सही आहे."

"मग?" रेलिनचा आवाज कोरडा होता.

"मग आता मला तू लागत नाहीस. कशालाच."

अगं पोरी! असं बोलतात का कोणाशी! मी फोन इतका घट्ट धरला की कान दुखायला लागला. तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर इथूनच ओरडले असते.

"तरी मी आलेय," मर्सी म्हणाली. "कालच येणार होते. पण काल सहा तास बाकी होते. काल आले असते तर तुला कसं कळलं असतं?"

कुठेतरी कुत्रा भुंकत होता.

"बत्तीस तास अपूर्णांक?" रेलिनने विचारलं.

"बत्तीस."

"कोणी करायला लावले?"

"कोणी नाही."

"मर्सी, तू वेडी आहेस का गं?"

"माहीत नाही," मर्सी म्हणाली. अगदी विचार करून म्हणाली. "तू शाळेत जातेस. तुलाच जास्त मुली माहीत आहेत. तू सांग."

मग रेलिन हसली की रडली, फोनवर कळलं नाही, दोन्ही असेल. जाळीचं दार पुन्हा किरकिरलं. "ये आत. बूट काढ आधी, आईने आत्ताच फरशी पुसलीय. आणि ती वही बाहेरच ठेव."

टॉन्या फोनवर परत आली. "ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"तुझे शेरे मी विसरलेले नाही, डॅरला."

"नको विसरूस."

"मग ठीक. आणि तो कॉबलर चांगला दिसत होता," म्हणाली आणि फोन ठेवला.

सवयीने मी घड्याळ बघितलं, आणि मग मुद्दाम घड्याळाकडे पाठ करून बसले. सव्वापाच वाजून गेले असतील. साडेपाच, सहा. मर्सी आली नाही. मी फोन केला नाही. तिचं ताट झाकून ठेवलं आणि पीच सोलायला घेतले. ड्वेन गिरणीतून आला, टोपी खुंटीला लावली, इकडेतिकडे बघितलं.

"पोर कुठाय?"

"मैत्रिणीकडे," मी म्हटलं, आणि हातात सुरी, मांडीवर पीच, तिथेच मला रडू फुटलं.